सल्ला: बीएच्या वर्गात फिजिक्सचा व्हिडिओ लावू का नको?

यावेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आलंय. लांब होतं, कामाचं तेवढं देतो:

"सर, मी तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, फिजिक्स शिकवते. नव्या धोरणात बीएच्या पोरांना दुसऱ्या शाखेचा एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो, तर 'दैनंदिन जीवनातील भौतिकशास्त्र' माझ्या गळ्यात पडलं. वर्गात साठेक जण, पोरी जास्त, निम्म्या एसटीनं येणाऱ्या, दहावीनंतर विज्ञान-गणिताचं तोंड पाहिलेलं नाही. प्राचार्य म्हणाले नवीन इंटरॲक्टिव्ह पॅनल (बोटानं चालणारा मोठा स्क्रीन) आलंय, व्हिडिओ दाखवा. दाखवले. सगळे शांत बसून पाहतात, 'समजलं का' म्हटलं की 'हो मॅडम'. चाचणी घेतली तर पेपर कोरे. आता इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ म्हणून काही असते असं ऐकलं, मध्येच प्रश्न येतो, क्लिक करायचं. त्यानं फरक पडेल का? नेट चालत नाही, लाईट जाते, लॅब बीएस्सीवाल्यांची. आणि आमचे एक सिनियर सर म्हणतात आर्ट्सच्या पोरींना फिजिक्स कशाला पाहिजे, दोन क्रेडिटचं तर आहे, नोट्स द्या अन् मोकळ्या व्हा. काय करू? तुमची, आर्ट्सवाल्यांची फिजिक्स मॅडम."

मॅडम,

आधी त्या 'हो मॅडम'चं पाहू, सगळा घोळ तिथंच आहे. पोरं खोटं बोलून नाही राहिले. त्यांना खरंच वाटते आपल्याला समजलं. व्हिडिओ छान, आवाज गोड, चित्रं हलून राहिली, डोकं कुठंच अडत नाही, आणि अडलं नाही म्हणजे समजलं असं आपण सगळेच धरून चालतो. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यानं नेमकं हेच तपासलं, २००८ चा त्याचा पीएचडीचा प्रबंध आहे (तोच तो, आता यूट्यूबवरच्या व्हेरिटेसियम चॅनलवाला). त्यानं एकाच विषयाचे वेगवेगळे व्हिडिओ केले. एकात सरळ स्वच्छ समजावून सांगितलेलं. दुसऱ्यात आधी लोकांच्या डोक्यात जी चुकीची समजूत असते ती बोलून दाखवलेली, तिच्यावर दोघांचा वाद, मग बरोबर काय ते. पोरांना पहिला सोपा वाटला, स्पष्ट वाटला, अन् नंतरच्या चाचणीत फरक म्हणाल तर नावाला. दुसरा गोंधळाचा वाटला, डोक्याला ताप झाला, अन् गुण त्याच्यातच वाढले. काहून? तर सोपा व्हिडिओ पाहताना पोरगं आपली जुनी समजूत तशीच ठेवून पाहते आणि वरून त्याला वाटते की व्हिडिओही तेच म्हणून राहिला.

हार्वर्डच्या एरिक मझूरच्या गटाचं २००४ चं काम याच्याच बाजूचं आहे, ते व्हिडिओवर नाही, वर्गात करून दाखवायच्या प्रयोगांवर आहे. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला आणि ज्यांनी पाहिलाच नाही, दोघांनाही नंतर 'असं का झालं' विचारलं तर उत्तरं जवळपास सारखीच. ज्यांच्याकडून प्रयोगाच्या आधी 'काय होईल' ते वदवून घेतलं त्यांना जास्त समजलं. आणि त्यासाठी प्रत्येक प्रयोगाला दोन-चार मिनिटं जास्त लागली, बस.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फरक पडते, पण क्लिकनं नाही पडत. पॅनलला बोट लावलं की झालं इंटरॲक्टिव्ह, असं बऱ्याच ठिकाणी धरतात, म्हणजे पोरगी बाकावरून उठते, बरोबर उत्तराला बोट लावते, टिंग वाजते, टाळ्या. त्यात तिचं स्वतःचं असं काही पणाला लागलेलं नसते. व्हिडिओ थांबला पाहिजे तो उत्तर दिसायच्या बरोब्बर आधी, आणि थांबल्यावर प्रत्येकीनं आपला अंदाज कागदावर लिहून टाकला पाहिजे, की आता माघार नाही. मग पुढची क्लिप पाहताना ती नुसतं पाहत नाही, आपलं खरं ठरते का ते पाहते. बाकी पॅनल, सॉफ्टवेअर, नेट हे सगळं नंतरचं.

हे काही नवीन फॅड नाही बरं. १९८० च्या आसपास, आपल्याकडे गावात एक टीव्ही असायचा तेव्हा, अमेरिकेत नेब्रास्काचे रॉबर्ट फुलर, कॅन्सस स्टेटचे डीन झोलमन या मंडळींनी व्हिडिओडिस्कवर हा उद्योग सुरू केला. बारा इंची चकती, एका बाजूला अर्ध्या तासाचा व्हिडिओ म्हणजे ५४,००० फ्रेम (एकामागं एक येणारी सुटी चित्रं), आणि त्यातली कुठलीही एक फ्रेम पाहिजे तेवढा वेळ थांबवून ठेवता यायची. सुरुवातीच्या डिस्कमधली एक टॅकोमाच्या पुलाची होती, तोच तो ७ नोव्हेंबर १९४० ला, उद्घाटनानंतर चारच महिन्यांत, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडलेला. (ही क्लिप लावलीच तर 'रेझोनन्स', म्हणजे वाऱ्याच्या झोक्यांचा अन् पुलाचा ताल जुळला, एवढं म्हणून सोडून देऊ नका, पुष्कळ पुस्तकांत तसं आहे पण ते अर्धवट आहे; पूल जसा पिळत गेला तसा तो वाऱ्यातूनच आणखी ताकद घेत गेला, त्याला फ्लटर म्हणतात.) आणि त्या काळी मोजायची पद्धत काय, तर टीव्हीच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवायचं, एकेक फ्रेम पुढं सरकवत पेनानं ठिपके मारायचे अन् ठिपक्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. झोलमन ज्यांना शिकवायचे त्यांच्यात प्राथमिक शिक्षक होणारे पुष्कळ, म्हणजे तुमच्या वर्गासारखेच, विज्ञान शाखेचे नव्हेच. तुमच्याकडे आज जे पॅनल आहे ते त्यांच्या टीव्हीपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि वह्यांना कव्हर घालायचं पारदर्शक प्लास्टिक तर तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीत मिळते.

आता एक क्लिप सांगतो, ४८ मिनिटांचा तास हिच्यावरच निघते.

ग्राउंडवर एक पोरगी सरळ रेषेत नेहमीच्या चालीनं चालत जाते, हातात टेनिस बॉल, हात कमरेजवळ, आणि चालता चालता, न थांबता, न फेकता, बॉल नुसता सोडून देते. कॅमेरा बाजूला, अजिबात हलत नाही. बॉल बोटांतून सुटला त्या क्षणाला क्लिप थांबवा. आता विचारा, बॉल कुठं पडेल? ती चालून राहिली त्याच्या मागं, जिथं सोडला त्याच्या सरळ खाली, का पुढं?

हात वर करा म्हणू नका. हात वर करा म्हटलं की हुशार म्हणून नाव असलेली पोरगी कुठं हात वर करते तिकडं अख्खा वर्ग जातो. चिठ्ठ्या घ्या, नाव नाही, एक दोन तीन यातला आकडा आणि खाली एका ओळीत 'काहून'. मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, चालते. चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर मोजणी मांडा. बहुतेक 'मागं' आणि 'सरळ खाली' यांच्यातच लढत होईल, पुढं म्हणणारे थोडे निघतील, हे जगभर असंच होते, शिकलेल्या लोकांतही. यावेळी तुम्ही काही बोलायचं नाही, आणि बरोबर काय ते चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही, हे आपल्या मास्तर लोकांना सगळ्यात जड जाते. त्यांना शेजारणीशी दोन मिनिटं भांडू द्या. त्यात हमखास एखादी म्हणेल, मॅडम, एसटीच्या खिडकीतून शेंगांची टरफलं टाकली की मागंच जातात ना? हा मुद्दा लय महत्त्वाचा आहे. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, उत्तर लगेच देऊ नका.

मग क्लिप पुढं सोडा. बॉल तिच्या सोबत-सोबत पुढं जातो अन् तिच्या पायाजवळ पडतो. वर्गात गलका होईल. कोणीतरी म्हणेलच की ट्रिक आहे, एडिट केलंय. छान, चला बाहेर, व्हरांड्यात चार जणींनी प्रत्यक्ष करून पाहा, जमिनीवर खडूची रेघ मारा, रेघेवर आल्यावर सोडा. कमरेएवढ्या उंचीवरून, म्हणजे साधारण मीटरभरावरून, बॉल खाली यायला ०.४५ सेकंद लागतात, तेवढ्यात सेकंदाला १.२ मीटरच्या चालीनं पोरगी अर्ध्या मीटरच्या थोडी पुढं जाते, अन् बॉलही तेवढाच. रेघेच्या पुढं पावणेदोन फुटांवर बॉल पडताना दिसला की मग कोणी ट्रिक म्हणत नाही.

आत येऊन तीच क्लिप, यावेळी प्लास्टिक लावून. फोनचा व्हिडिओ बहुतेक सेकंदाला ३० फ्रेमचा असते, म्हणजे बॉल हवेत असतो त्या १३-१४ फ्रेम. एकाआड एक फ्रेमला ठिपका मारा. सहा-सात ठिपके मिळतात. आता दोघी-दोघींनी पट्टी घ्यायची, एकीनं आडवं अंतर मोजायचं, एकीनं उभं. आडवं प्रत्येक वेळी तेवढंच. उभं वाढत वाढत जाते. हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आणि हे आल्यावरच, त्याच्या आधी नाही, 'आडवी चाल आपोआप तशीच टिकते, याला जडत्व म्हणतात' हे फळ्यावर लिहा. आधी पोरांनी चाचपून पाहावं, मग नाव, मग ते नवीन ठिकाणी लावून पाहावं, हा क्रम बर्कलेच्या रॉबर्ट कारप्लसनं १९६० च्या दशकात प्राथमिक शाळेच्या विज्ञानासाठी बसवला होता आणि झोलमननं तोच कॉलेजात वापरला. आपण नेमकं उलटं करतो, आधी व्याख्या डिक्टेट करतो.

आणि आता ते शेंगांचं टरफल. टरफल हलकं, हवा त्याला लगेच अडवते, त्याचा पुढचा वेग संपतो, एसटी मात्र पुढं निघून जाते, म्हणून ते मागं गेल्यासारखं दिसते. बॉलला हवा एवढी अडवत नाही. म्हणजे त्या पोरीचं निरीक्षण बरोबरच होतं, फक्त त्यात हवा होती. तिला हे सगळ्यांसमोर सांगा, पुढच्या तासाला ती आणखी प्रश्न आणेल.

टच पॅनलचं एक लक्षात ठेवा, प्लास्टिक लावून पेन टेकवला की पॅनलला वाटते बोट लागलं, अन् व्हिडिओ पुढं पळतो. सेटिंगमध्ये टच लॉक असेल तर तो करा, नाहीतर पॅनलचाच स्क्रीनवर लिहायचा पेन वापरा, बहुतेकांत असतो. नाहीच जमलं तर लॅपटॉप.

पोरांना गणिताची भीती आहे हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. माझं मत विचाराल तर पहिला महिनाभर सूत्राला हातच लावू नका, पण मोजायला मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मोजायला कोणी घाबरत नाही. भिंतीवर दोन मीटरचा टेप उभा चिकटवा, बाजूनं एक संत्रा सोडा (पांढऱ्या भिंतीवर संत्रा काय मस्त दिसते, वरुड-मोर्शीवाल्यांनी काहीतरी कामाला यायलाच पाहिजे), आणि दर तिसऱ्या फ्रेमला, म्हणजे दर ०.१ सेकंदाला, तो कुठं आहे ते वाचा. साधारण ५, २०, ४४, ७८, १२२ सेंटिमीटर येतील. आता लागोपाठच्या अंतरांची वजाबाकी करायला सांगा: ५, १५, २४, ३४, ४४. सगळ्यांना पहिल्या आकड्यानं भागा: १, ३, ५, ७, ९ च्या आसपास. विषम संख्या! इतिहासवाल्या पोरांना सांगा की गॅलिलिओनं हेच चारशे वर्षांपूर्वी उतरत्या फळीवर गोळा सोडून काढलं होतं, हातात घड्याळही धड नव्हतं. तुमचे आकडे असे गोंडस येणार नाहीत, संत्रा नेमका कोणत्या फ्रेमला सुटला यातच एका फ्रेमची गडबड होते, अन् तेवढ्यानं पहिला आकडा बिघडतो. बिघडू द्या. तीन गटांचे तीन आकडे आले की 'मग खरा कोणता' हा प्रश्न आपोआप निघतो, आणि बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पोरं जर्नलमधून आकडे उतरवतात त्यापेक्षा हे बरं.

आणखी एक. तुमच्या वर्गात भूगोलाची पोरं असतीलच. पडद्यावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातला १ मीटर, हे त्यांना तुम्ही शिकवायची गरज नाही, नकाशाचं प्रमाण त्यांनी केलेलं असते, तेच इथं लावायचं आहे. अर्थशास्त्रवाल्यांना आलेखाचा चढ वाचता येते. त्यांना पुढं बोलवा, त्यांनाच बाकीच्यांना सांगू द्या. 'आम्हाला विज्ञान येत नाही' हे पोरं जे म्हणतात त्यातलं अर्धं असं निघून जाते.

शूटिंगचं सांगतो, पैसे काही लागत नाहीत पण इथं चुकलं तर पुढची मोजमापं सगळी वाया. फोन आडवा, स्टूलवर नाहीतर पाण्याच्या कॅनवर टेकवून, हातात धरून नाही. वस्तूपासून तीन-चार मीटर लांब, बाजूनं, घटना जिथं घडते त्याच्या मधोमध उंचीवर. जवळून काढला तर कडेची अंतरं वाकडी येतात. मीटरची पट्टी किंवा टेप हा वस्तू ज्या रेषेत हलून राहिली त्याच रेषेत पाहिजे, मागच्या भिंतीवर लांब असेल तर माप खोटं निघते, मघाच्या संत्र्याला म्हणून भिंतीला लागूनच सोडायचं. आणि भरपूर ऊन. ऊन असलं की फोन प्रत्येक फ्रेम झटकन टिपतो, वस्तू फरकटलेली दिसत नाही. खोलीत ट्यूबलाईटखाली काढलं तर बॉलच्या जागी लांबट ढग येतो, आणि काही फोन अंधारात फ्रेमही कमी करतात. आपल्याकडे उन्हाची काय कमी. एकदा दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावून त्याचाच दहा सेकंद व्हिडिओ काढून फ्रेम मोजून घ्या, म्हणजे तुमचा फोन ३०च देते का ते कळेल. स्लो मोशन नंतर कधीतरी, त्यात फ्रेम किती अन् चालते किती यात पोरांचा गोंधळ होते.

नेट नाही म्हणता, तर नेट लागतच नाही. व्हीएलसी प्लेअर फुकट आहे, क्लिप थांबवून कीबोर्डवरचं 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढं. तेवढ्यावर वर सांगितलेलं सगळं होते. यूट्यूबवर असेल तर थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी मागं-पुढं करता येते. त्याच्या पुढं जायचं असेल तर ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ठिपके त्यातच मारायचे, आलेख ते काढून देते, पण माझं ऐका, पहिले काही तास प्लास्टिक अन् पट्टीच ठेवा. आलेख आयता आला की पुन्हा नुसतं पाहणंच होते. तुम्ही ज्या इंटरॲक्टिव्ह व्हिडिओचं ऐकलं, मध्येच थांबून प्रश्न विचारणारा, तो एचफाइव्हपी (H5P) नावाच्या फुकट साधनानं करता येते. लुमी (Lumi) म्हणून एक प्रोग्राम आहे, त्यात नेटशिवाय बनवून एक फाइल काढता येते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. आजारी पोरीला, कापूस वेचणीला गेलेलीला घरी द्यायला ते चांगलं. पण एका क्लिपमध्ये एक, फार तर दोन थांबे. दर वीस सेकंदांना प्रश्न आला की पोरं वैतागून काहीही दाबतात. आणि 'व्हिडिओत बॉल कोणत्या रंगाचा होता' टाईप प्रश्न तर बिलकुल नको.

दिवाळीच्या आसपास वर्ग निम्मा रिकामा असेल, कापूस वेचणीला पोरी जातात, त्याला इलाज नाही. क्लिप आठ-दहा सेकंदांची कापून व्हॉट्सअॅपवर पाठवा, पण व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबून टाकते अन् बॉलचे चौकोन होतात. आणि प्रत्येकीकडे फोन आहे असं धरू नका. घरात एकच फोन असतो अन् तो भावाकडे असतो. वर्गात चौघींत एक फोन पुरते, उलट बरंच, भांडायला शेजारीण मिळते.

शंकरपटाचे (बैलजोड्यांच्या शर्यतीचे) व्हिडिओ आणू का म्हणून कोणीतरी विचारणारच, आणा म्हणा, पण आधीच सांगून ठेवा की रील चालणार नाही. रीलमध्ये वेग कमी-जास्त केलेला असतो, गाणं टाकलेलं असते, अन् कॅमेरा जोडीच्या मागं फिरतो म्हणून अंतर मोजायला काही हातात राहत नाही. त्यापेक्षा पोरांनी स्वतः एका जागी उभं राहून काढलेला, ज्यात धावपट्टीवरच्या खुणा दिसतात असा, दहा सेकंदांचा पाहिजे. त्यावर विचारा, जोडीचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असते का? घड्याळात 'एवढे सेकंद, एवढे पॉइंट' वाचलं जाते ते सगळ्या पट्टीचं मिळून असते, त्यातून सरासरी कळते, मधलं काही कळत नाही. पटाला जाणारी पोरं यावर तासभर बोलतील, तुम्हालाच थांबवावं लागेल. तास संपेपर्यंत सरासरी वेग अन् त्या क्षणाचा वेग हे दोन्ही येऊन जाते.

मात्र व्हिडिओच्या फार प्रेमात पडू नका. जे वर्गात हातानं करून दाखवता येते ते हातानंच करा, व्हिडिओ फक्त मोजायला घ्या. जे डोळ्याला पकडता येत नाही इतकं झटकन होते, किंवा आपल्या आवाक्यातलंच नाही, तिथं व्हिडिओ एकटा लावा. उदाहरण देतो. एक सरकी घ्या, रुई काढलेली, आणि एक फुटलेलं बोंड अख्ख्या कापसासकट. दोन्ही एकदम सोडा. सरकी आधी पडते, हे वर्गातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. कापूस तर वजनानं जास्त आहे, मग तो मागं कसा राहिला? इथं थांबा, चर्चा होऊ द्या. मग विचारा, हवाच नसती तर? चिठ्ठ्या. आणि मग अपोलो १५ ची क्लिप लावा, २ ऑगस्ट १९७१, चंद्रावर डेव्हिड स्कॉट एका हातात हातोडा अन् एका हातात पीस घेऊन दोन्ही सोडतो. दोन्ही सोबत पडतात. नासाची आहे, सहज मिळते, आधीच डाउनलोड करून ठेवा. एक सावधगिरी, दोन-चार जण म्हणतील की चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून असं झालं. त्यांना विचारा, नसतं तर खाली कसं पडलं? तिथं ते आपल्या सहाव्या हिश्शाएवढं आहे, म्हणून सगळं सावकाश पडून राहिलं, हे त्याच क्लिपच्या फ्रेम मोजून काढता येते.

वीज, सर्किट यासाठी व्हिडिओचा उपयोग नाही, तारेतून काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसतच नाही. तिथं फेटची (PhET) सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर करून पाहायचे प्रयोग, वापरा, कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलवाले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं काम आहे, फुकट, उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात, बऱ्याचशांचं मराठीही झालंय. लाईट गेली तर? पॅनल बंद, फोन चालू. तेवढ्यासाठी क्लिपा चार-पाच पोरींच्या फोनमध्ये असू द्या.

चाचणीचं. पेपर जुन्याच पद्धतीचा काढला, 'जडत्वाची व्याख्या लिहा', तर हे सगळं करूनही पोरं नोट्सच मागतील, आणि त्यांची चूक नाही. अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत ना, तर त्यात एक नवीन क्लिप दाखवा, अर्ध्यात थांबवा, पाच ओळी लिहायला सांगा: काय होईल आणि काहून. उदाहरणार्थ एसटीनं एकदम ब्रेक मारला, वरच्या रॅकवरची पिशवी कुठं जाईल. अंदाज चुकला पण कारण सरळ विचार करून लिहिलं असेल तर अर्धे गुण द्या, अन् हे आधीच जाहीर करा, नाहीतर कोणी अंदाज बांधायची हिंमतच करणार नाही.

सिनियर सरांशी वाद घालत बसू नका, तुमची नोकरी त्यांच्या सहीवर असेल. पण मला विचारलंत म्हणून सांगतो, त्या साठांतल्या कितीतरी पोरी पुढं डीएलएड करतील, अंगणवाडीत जातील, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गासमोर उभ्या राहतील. चौथीतलं पोरगं विचारेल चंद्र खाली का पडत नाही, तेव्हा तिथं बीएस्सीवाला कोणी नसते, हीच पोरगी असते. नोट्स देऊन मोकळं होणं सोपं आहे, मान्य.

राहिलं तुमचं. सीएचबीला तासाचे पैसे मिळतात, रविवारी क्लिप कापत बसल्याचे मिळत नाहीत. म्हणून या सेमिस्टरला चार क्लिप करा, चाळीस नको. चालता चालता सोडलेला बॉल, संत्रा, शंकरपट आणि सरकीचं बोंड, एवढ्यात गती अन् बल दोन्ही प्रकरणं बसतात. शूटिंग पोरींकडूनच करून घ्या, त्यांचा फोनवरचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा साफ असते. आणि मूळ फाइली स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये ठेवा, पॅनलच्या मेमरीत नाही. पुढच्या वर्षी ऑर्डर कोणत्या कॉलेजची येते, काय भरवसा.